मानपत्रातली चौथी ओळ

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा, आपल्या प्राचार्या डॉ. मेघाताई भामरे, संस्थेचे अध्यक्ष माननीय रतिलालभाई, व्यासपीठावरील मान्यवर, माझे सहकारी, धुळ्याहून, पाचोऱ्याहून वेळात वेळ काढून आलेले माझे आजी-माजी विद्यार्थी, आणि ज्यांच्याशिवाय आमच्या प्रयोगशाळेचं कुलूपही उघडलं नसतं ते वनाभाऊ, आपणा सर्वांना माझा नमस्कार.

माझ्या निरोप समारंभासाठी रविवार मोडून आपण आलात. माझ्याविषयी इतकं चांगलं बोललात की, क्षणभर मलाच वाटलं, हा प्रेमराज बोरसे कोण बुवा? मानपत्रही सुरेख लिहिलंय. फक्त त्यातल्या चौथ्या ओळीबद्दल मला बोलायचं आहे. ‘जिवाणूंकडून प्रथिनांचे उत्पादन कैक पटींनी वाढवणाऱ्या पद्धतीचे जनक.’ मेघाताई, ही ओळ खरी नाही. आणि ती खरी नाही हे मला सात वर्षांपासून ठाऊक आहे.

इथे विज्ञानाबाहेरची मंडळीही आहेत, म्हणून थोडं सांगतो. केळीच्या खोडातून धागा काढताना गर सुटून यायला एक विकर लागतं. विकर म्हणजे एक प्रकारचं प्रथिनच. ते आम्हाला जिवाणूंकडून बनवून घ्यायचं होतं. जनुक म्हणजे प्रथिन कसं बनवायचं याची लेखी सूचना. ती सूचना आपण प्रयोगशाळेत नव्याने लिहायची, जिवाणूच्या पेशीत घालायची आणि जिवाणू वाढवायचे. आमचे जिवाणू प्रथिन ढीगभर बनवायचे, पण पेशीतच त्याच्या गुठळ्या व्हायच्या. काडीचा उपयोग नाही. माझं म्हणणं होतं, जिवाणूला दिलेला हुकूम कमी पडतोय, आणखी जोरात द्या. त्याच मुद्द्यावर मी अनुदान मिळवलं होतं, दोन परिषदा गाजवल्या होत्या.

त्या सुमारास धुळ्याची एक मुलगी माझ्याकडे संशोधनाला आली. कहकशा. तिचे वडील नूर महंमद धुळ्यात यंत्रमागावर कामाला होते. मुलगी कमी बोलायची, पण वही अशी ठेवायची की, तारखेपासून पाण्याच्या तपमानापर्यंत सगळं त्यात. एके दिवशी ती म्हणाली, “सर, जिवाणूला घाई होतेय. प्रथिनाची घडी नीट बसायला वेळच मिळत नाही. आपण सूचनेची सुरुवातच अशी लिहू की, काम सावकाश सुरू होईल.”

मी हसलो. “अगं, उत्पादन वाढवायचंय की कमी करायचंय?”

“माग फार पळवला की धागा तुटतो, असं अब्बा म्हणतात,” ती म्हणाली.

तिने ते जनुक नव्याने लिहिलं. सहा महिन्यांनी तिचे आकडे आले. एकूण प्रथिन थोडं कमी, पण कामाचं प्रथिन आमच्यापेक्षा अकरा पट. अकरा! शिक्षकाला आनंद व्हायला हवा होता ना? मला भीती वाटली. कारण ते आकडे खरे असतील, तर मी चार वर्षं जे सांगत फिरलो ते चुकीचं ठरत होतं.

पुढच्याच आठवड्यात बाहेरची तपासणी समिती आली. एका सदस्यांनी विचारलं, “बोरसे सर, हे आकडे तुम्ही पडताळलेत?” मी म्हणालो, “नळ्यांची अदलाबदल झालेली दिसते. नवीन मुलं आहेत, होतं असं.” कहकशा तिथेच उभी होती. ती माझ्याकडे बघत राहिली.

समिती गेल्यावर ती वही घेऊन माझ्या खोलीत आली. “सर, तीन दिवस फक्त. तुम्ही स्वतः उभे राहून बघा.” मी म्हणालो, “माझ्याकडे तीन दिवस नाहीत.”

संध्याकाळी वनाभाऊ मला जिन्यात गाठून म्हणाले, “सर, ती पोर खोटं बोलस नही. बठ्ठं मना डोयासमोर व्हयेल शे.” सगळं त्यांच्या डोळ्यांसमोर झालं होतं, तरी मी त्यांनाही गप्प केलं. भाऊ, त्याबद्दल आज सगळ्यांसमोर हात जोडतो.

समितीच्या शेऱ्यामुळे तिची शिष्यवृत्ती पुढे वाढली नाही. ती गेली. मी अडवलं नाही.

तीन वर्षांनी निंबा माझा विद्यार्थी झाला. आज तो मागच्या रांगेत बसलाय. शीतपेटीतली एक कुपी घेऊन तो आला. “सर, यावर ‘कहकशा’ लिहिलंय. कुणाचं आहे?” मी म्हणालो, “जुना नमुना आहे. वापर.” पहिल्याच प्रयोगात अकरा पट. दुसऱ्यांदाही तेच. आम्ही शोधनिबंध छापला. त्यावर नावं दोन, निंबाचं आणि माझं. त्याला बिचाऱ्याला काहीच माहीत नव्हतं. मला सगळं माहीत होतं. त्या निबंधावर मला पुरस्कार मिळाला, विभागाला नवी इमारत मिळाली, आणि आज ही चौथी ओळ. पहिल्या रांगेत माझी पत्नी रत्ना बसली आहे. तीही हे आत्ताच ऐकते आहे.

गेल्या महिन्यात मी दोंडाईच्याला गेलो. कहकशा तिथे शाळेत विज्ञान शिकवते. तिने चहा केला, वर्गात सूक्ष्मदर्शक एकच आहे म्हणून मुलं कशी रांग लावतात ते सांगितलं. मी काय केलं ते सगळं मी कबूल केलं. तिने निबंध वाचलेला होता. छापून आला त्याच आठवड्यात.

“मग काही बोलली का नाहीस?”

ती म्हणाली, “सर, तुम्ही म्हणालात नळ्या बदलल्या, तेव्हा मलाही वाटलं, बदलल्या असतील. तीन-चार वर्षं मी तेच धरून चालले होते. तुमचा निबंध वाचून कळलं की, माझं काही चुकलं नव्हतं.” मग म्हणाली, “पण तोवर स्वतःवर शंका घ्यायची सवय झाली होती.”

जळगावला परतलो आणि निंबाला बोलावून त्यालाही सगळं सांगितलं.

निबंधात पहिलं नाव तिचं यावं, असं मी नियतकालिकाला कळवलं आहे. निंबाने ताबडतोब सही केली. तिच्या संमतीचा कागद तिच्याकडे पाठवला. अजून आलेला नाही. येईलच असं मला म्हणवत नाही. आजचं निमंत्रणही दिलं होतं. उद्यापासून शाळेत परीक्षा आहेत, असं तिने कळवलं.

मेघाताई, आपण, संस्थेने आणि सर्व सहकाऱ्यांनी बत्तीस वर्षं मला सांभाळलंत, याबद्दल मी मनापासून आभारी आहे. आभार मानताना घाईत कुणाचं नाव राहिलं असेल, बोलताना काही कमीजास्त झालं असेल, तर ते पोटात घाला. मात्र कहकशाचं नाव घाईत राहिलेलं नाही. ते मी वगळलं होतं. तेवढं पोटात घालू नका.

नमस्कार.