खोटा व्हॉल्व्ह आणि टेकडी आळीचं पाणी

मंडळी, ऐका! ज्याच्यावर विश्वास आहे, त्याचं काम तपासून पाहणं हा त्याचा अपमान आहे का? माना डोलवू नका, आधी गोष्ट ऐका!

हेळशिरे नावाचं गाव. कुठल्या आळीला कधी पाणी सोडायचं, ते तिथे संगणक ठरवतो. तो प्रोग्राम वीस वर्षांपूर्वी गवाणकरकाकांनी एकट्यानं लिहिला. आणि कसा? दप्तराच्या तळाशी गेलेली इअरफोनची वायर आठवा! एक टोक ओढलं की भलतीकडेच गाठ!

तिथे हेमांगीताई नव्यानं लागली. काम एकच – टेकडी आळीचं अकराचं पाणी सकाळी सहाला आणायचं. कारण त्या आळीतली सायरा, सातवीतली, रोज शाळा बुडवून नळाशी उभी असायची. आई-वडील दोघं कामावर. आणखी महिनाभर गैरहजर राहिली तर वर्ष जाणार, असं बाईंनी सांगून ठेवलेलं.

काका निवृत्त झाले तरी चहाला ऑफिसात यायचे. ते म्हणाले, हात लावू नकोस. मागे याच ऑफिसातल्या पाटणकरनं एक ओळ बदलली आणि दवाखान्याचं पाणी दोन दिवस बंद!

ताई म्हणाली, मग आधी चाचण्या लिहिते. चाचणी म्हणजे एवढासा प्रोग्राम, मोठ्याला प्रश्न विचारणारा. उत्तर बरोबर आलं की पडद्यावर हिरवं, चुकलं की लाल.

काकांचा चेहरा उतरला. "माझ्यावर भरवसा नाही?"

ताईनं पहिली चाचणी चालवली – कुंभार आळीचा व्हॉल्व्ह उघडतो का? उघडला! खराखुरा! भर दुपारी! अहो, त्या प्रोग्रामला विचारणं वेगळं आणि करणं वेगळं, हे ठाऊकच नव्हतं! नळ उघडेच होते, वाळत ठेवलेल्या कच्च्या मडक्यांचा चिखल झाला. शेवंताबाई थेट ऑफिसात.

"परीक्षा तुझी, आणि मडकी माझी?"

ताई थोडी रडली. मग दोन संध्याकाळी त्यांच्या अंगणात माती मळून आली. मळता मळता सुचलं – गॅदरिंगच्या नाटकात खरी तलवार देतात का? पुठ्ठ्याची देतात! तिनं गुंता एकाच जागी, अगदी हलक्या हातानं सोडवला आणि तिथे खोटा व्हॉल्व्ह बसवला. तो काही उघडत नाही, फक्त लिहून ठेवतो – मला उघड म्हणाले होते. घड्याळही खोटंच, सांगू ती वेळ दाखवणारं!

मग काय! एक हिरवी, दहा हिरव्या, चाळीस हिरव्या! काका खुर्ची ओढून शेजारी. सणाच्या दिवसाची लिही, दवाखान्याची लिही, असं तेच सांगायला लागले.

आता ताईनं टेकडीची वेळ सहा केली. एक लाल! दवाखाना! टेकडीच्या वेळेवरूनच दवाखान्याची वेळ मोजली जात होती. ती ओळ काकांचीच.

काका त्या ओळीवर बोट ठेवून म्हणाले, "पाटणकरची चूक नव्हती गं. मी मात्र इतकी वर्षं त्याचंच नाव घेतोय."

ताईनं ती गाठ सोडवली. सगळं हिरवं. सोमवारी सहाला टेकडीवर पाणी, आणि पहिल्या तासाला सायरा हजर!

काकांनी त्या दुपारी पाटणकरला फोन लावला. काय बोलले? अर्धा तास दोघं हसत होते, एवढं मला कळलं.

तर मंडळी, झाला का अपमान? आता आपल्या घरात बघा – अशी कुठली गोष्ट आहे, जिला तुम्ही कुणालाच हात लावू देत नाही? आणि ती बिघडली की कुणाचं नाव घेता? हसताय काय, पहिल्या रांगेतल्यांनो? घरी जा, तपासा, आणि लाल दिसलं तर आधी फोन लावा! म्हणा मोठ्यानं – देवा, माझी चूक मलाच आधी दिसू दे!