घरचा सर्व्हर

रेवणसिद्धप्पा : मग आता कंचं बटन दाबू? तीन हायत इथं, शैलू.

शैलश्री : कुठलंच दाबू नका, अप्पा. फोन कानापासून काढा आणि आधी बघा, निळा दिवा लागलाय का?

रेवणसिद्धप्पा : लागलाय. इझला. परत लागला. काजव्यावानी करायलाय.

शैलश्री : म्हणजे मशीन चालू आहे. वायर निघाली असेल. डबीच्या मागं पिवळी वायर आहे बघा, कट्ट आवाज येईपर्यंत आत ढकला.

रेवणसिद्धप्पा : थांब, स्टूल घेतो. नागेंद्रनं तुझी डबी पार वरच्या फळीवर नेऊन ठिवलीय... हं. झालं कट्ट.

शैलश्री : आलं! उघडले आईचे फोटो. बेंगळुरात बसून सकाळपासून डोकं फोडत होते मी.

रेवणसिद्धप्पा : एवढीशी डबी. आमचा पानाचा डबा हिच्यापरीस मोठा. काल अमृतप्पा इचारत हुता, हे काय हाय म्हणून. म्हनलं, कंपनीनं टाकून दिलेली मशीन उचलून लेकीनं घरासाठी सर्वर केलाय. फोटो, कागदं, माझं बीपी, समदं ह्यात. त्यो म्हनला, लोकं तर मोबाईलात फुकट ठेवतेत.

शैलश्री : मग काय म्हणालात?

रेवणसिद्धप्पा : तूच शिकवलीस की. परक्याच्या घरात आपली पेटी कशाला ठिवायची?

शैलश्री : शाबास. दम का लागलाय तुम्हाला?

रेवणसिद्धप्पा : स्टुलावर चढलो न्हवं? माझ्या वयाला येऊन चढून बघ.

शैलश्री : आजचं बीपी?

रेवणसिद्धप्पा : सकाळीच टाकलंय. बघ की तुझ्या त्या बीपीच्या पानावर.

शैलश्री : हो. एकशे चोवीस, ऐंशी. हिरवी खूण.

रेवणसिद्धप्पा : हिरवी हाय नं? मग झालं. बरं ऐक, खजुरीच्या रानात तूर अशी फुलायलीय, नजर जाईल तिथवर पिवळं. तानाजी म्हनत हुता—

शैलश्री : अप्पा, माझी मीटिंग सुरू झाली. हिरवं आहे ना, मग मला चिंता नाही. रविवारी करते फोन.

रेवणसिद्धप्पा : कर, कर. काम कर तू. मीच आपला बोलत बसतोय.

(त्यानंतर बारावा दिवस. आळंदचं घर. डबी फळीवरून खाली टेबलावर आली आहे, शेजारी शैलश्रीचा लॅपटॉप उघडा. समोर तिचा धाकटा भाऊ नागेंद्र.)

नागेंद्र : अक्का, ऊठ की आता. सकाळपासून ह्यालाच चिकटलीस. दोन घास खाऊन घे.

शैलश्री : हे काय आहे, नागेंद्र?

नागेंद्र : अप्पाच्या बीपीचे आकडे.

शैलश्री : त्यांच्या शेजारी बघ. कुठला आकडा कुठल्या फोनवरून आला आणि कधी, ते मशीन लिहून ठेवतं. चार महिन्यांत अप्पांच्या फोनवरून एकही नाही. सगळे तुझ्या. आणि रोज नाही, दर सोमवारी, सात दिवसांचे एकदम.

नागेंद्र : आधी जेवून घे, मग बोलू.

शैलश्री : एखादा दिवस राहिला तर मागची तारीख भरता यावी, अशी सोय केली होती मी. पुढची तारीख अडवायची राहून गेली. आपल्या त्या फोनच्या दुसऱ्याच दिवशी, गुरुवारी पहाटे अप्पा गेले. इथं रविवारपर्यंत त्यांचं बीपी झकास आहे.

नागेंद्र : अक्का, ऐकून तर घे.

शैलश्री : गुरुवारी तुझा फोन आला, तेव्हा मी काय केलं माहीत आहे? आधी पान उघडलं. हिरवं होतं. तुला म्हणाले, तुझंच काहीतरी चुकतंय.

नागेंद्र : अप्पांनीच सांगितलं हुतं मला.

शैलश्री : खरे आकडे काय होते?

नागेंद्र : एकशेसत्तर. कवा एकशेनव्वद. गुलबर्ग्याला नेऊन दाखवलं हुतं. काळजाच्या तीन नळ्या बंद हायत म्हनले डॉक्टर, ऑपरेशन करा म्हनले. अप्पा म्हनले, तुरीची रास झाल्यावर बघू.

शैलश्री : आणि मला का सांगितलं नाही?

नागेंद्र : आईच्या वक्ताला तू नोकरी सोडून आठ महिने इथं बसलीस. परत बसंल म्हनले. शपथ घातली मला.

शैलश्री : दोन डिस्क लावल्या होत्या रे मी, एक मेली तर दुसरी असावी म्हणून. वीज गेली तर बॅटरी. बाहेरच्या एकाही कंपनीवर भरवसा ठेवला नाही. चोर बाहेरून येणार म्हणून दारं लावत बसले, आणि तुम्ही दोघं आत बसून, मीच दिलेल्या पासवर्डनं... रोज जेवायच्या आधी बघायचे मी. हिरवं दिसलं की ताट घ्यायचे. चार महिने खोट्यावर जेवले मी.

नागेंद्र : मला बरं वाटत हुतं व्हय? सोमवार आला की अप्पा शेजारी बसून सांगायचे, "एक दिस एकशेतीस टाक रे. समदे सारखे टाकलास तर वळखंल. लई हुशार हाय ती."

शैलश्री : असं म्हणाले?

नागेंद्र : व्हय. आन हसले.

शैलश्री : त्या बुधवारी मी त्यांना स्टुलावर चढवलं. फोटो उघडेनात म्हणून. तू कुठं होतास?

नागेंद्र : दुकानात. आलो तर घामाघूम बसले हुते. रागावलो मी. म्हनले, पोरीचं काम अडलं हुतं.

शैलश्री : एक फोन करायचास, नागेंद्र. शपथ मोडून एकच.

नागेंद्र : तू तरी करायचीस! आकडा मी खोटा टाकला, पर अप्पाला तुझ्यासंगं खोटं रेटता येत न्हवतं. धा मिनिटं बोलली असतीस तरी त्यांच्या दमावरनं कळलं असतं तुला. आठवड्याला एक फोन, त्यो बी घाईत.

शैलश्री : (लॅपटॉप मिटते.)

नागेंद्र : जाऊ दे. रागात बोललो. अप्पा असते तर बोलू दिलं नसतं मला. गल्लीभर सांगत फिरायचे ते. आमच्या शैलूनं बापाच्या काळजीनं निराळं पान करून दिलंय, कुणाची लेक करतीय का असं, म्हणून.

शैलश्री : काळजीनं नव्हतं केलं ते.

नागेंद्र : मग?

शैलश्री : रोज संध्याकाळी फोन यायचा त्यांचा. तूर, तानाजी, कुणाचं लग्न ठरलं, कुणाची म्हैस व्याली. संपायचंच नाही. मी एका कानानं ऐकत काम करत असायचे. मग एका रविवारी बसून ते पान लिहिलं, आणि त्यांना सांगितलं की आता रोज फोन करायची गरज नाही, मला इथंच कळेल. किती खूश झाले होते.

नागेंद्र : अक्का...

शैलश्री : कुणालाच सांगितलं नाही मी हे. अप्पांशी बोलायचा कंटाळा यायचा मला. म्हणून केलं होतं.