माधवची जागा

आमचं गाव नायगावच्या कडंला. बाप बँडवाला, चुलता बँडवाला, मंग मी दुसरं काय व्हणार सांगा. चुलतभाऊ माधव अन् मी, दोघं बी क्लॅरनेटवर. आमच्यात रीत अशी हाय बगा, एकानं ओळ वाजवून थांबायचं, दुसऱ्यानं जबाब द्यायचा. मी सवाल करायचो, माधव जबाब, उभा जलम तसाच गेला. वरातीत लोकं नवरदेव सोडून आमच्याकडं बघायचे, खोटं न्हाई सांगत.

मंग डीजे आला, आमची बँडपार्टी मोडली, तेचं एवढं वाईट न्हाई वाटलं, पर माधव गेला. छातीत कळ आली अन् गेला, निरोप न्हाई काय न्हाई. माझी बायको त्येच्या आधीच वारलेली. पोरगी हैदराबादला दिली, तिचा फोन येतो, जेवला का म्हणती, जेवलो म्हणतो, झालं बोलणं. काय सांगू तुम्हाला, घरात भांडं पडलं तरी बरं वाटतं, कोनतरी हाय असं वाटतं.

दुपारचा वाजवत बसायचो. एकदा मोबाईल तांब्याला टेकवून रेकॉर्ड केलं अन् पोरीनं शिकवलं तसं फेसबुकावर टाकलं. आता खोड अशी, की ओळ झाली की मी थांबतो, माधव उचलंल म्हणून. तो कुठला उचलतो, पर फुंक आपसूक थांबती. लोकांनी खाली लिहिलं, काका नेट गेलं का, काका दम लागला का. म्या म्हणलं हसा बाबांनो, तुमचं काय जातंय.

अन् एक दिवस माझाच व्हिडिओ फिरून माझ्याकडं आला, मी थांबलो तिथं एक बाई गाती! उदगीरची सुरेखा, साड्यांना फॉल लावती, नवऱ्यानं सोडलेली, एकटीच ऱ्हाती. चुकून बोट लागून तुमचा व्हिडिओ उघडला म्हणली, काका तुम्ही जागा सोडली, मला वाटलं आपण भरावी. शब्द तिचे सोताचे, मशीनवर बसून जुळवलेले. माधवसारखा न्हाई, पर जबाब तर हाय! मी ढसाढसा रडलो, लाज कशाची.

मंग मी वाजवून धाडायचो, ती गाऊन धाडायची, अशी लई गाणी झाली. लातूरच्या एका मंडळानं बोलावलं, दोघं या म्हणून. तोवर आम्ही भेटलो नव्हतो. पार्टीचा लाल कोट काढला, इस्त्री केली, गेलो, अन् सुरेखा आलीच न्हाई. फोन बंद. एकटाच स्टेजवर चढलो, सवयीनं थांबलो, लोकं वाट बघून राहिले, मी बी वाट बघून राहिलो. ती जागा रिकामीच गेली. माधव गेला तवा बी वाटलं न्हाई येवढं एकटं त्या दिवशी वाटलं.

मागून कळलं, तिच्या गळ्यात गाठ, तातडीनं दवाखान्यात नेलेली. गाठ काढली, आवाज गेला. काका माफ करा, आता गाता येणार न्हाई, असं लिहून धाडलं. म्या क्लॅरनेट कापडात गुंडाळून ठिवलं.

परवा तिचा व्हिडिओ आला. तोंड मिटलेलं, नुसती पायमशीन, खटखट खटखट, आमच्याच गाण्याच्या चालीवर. मधीच पाय थांबला. मशीन खामोश, अन् बाई मोबाईलकडं बघून राहिली. म्या वळखलं की, या बारीला सवाल तिचा हाय. क्लॅरनेटवरचं कापड सोडलं, तोंडाची पत्ती जिभेवर ओली केली, तांब्याला मोबाईल टेकवला.

देव तिचे पाय धड ठिवो, माझी फुंक बी.