खाली आलेली रेष

श्वासाच्या तपासणीसाठी शिंपीणबाई बाकावर बसून होत्या. शेजारी एक म्हातारे गृहस्थ आणि त्यांची लेक. लेकीच्या मांडीवर ऑफिसचा लॅपटॉप उघडा, त्यावर एक आलेख. बाईंनी डोळे मिटून घेतले, कान मात्र उघडेच ठेवले.

“अगं, ही रेष घसरलीय! कुणाचं लक्ष नाही का?”

“बाबा, ती घसरायलाच हवी. सगळा देश हवेत सोडतो तो कार्बन आहे हा.”

“आमच्या वीजकेंद्रात बॉयलरच्या दाबाची रेष जरा खाली आली, की हातातला चहा टाकून धावत सुटायचो आम्ही. पस्तीस वर्षं.”

“माहितेय हो. इथे उलटं आहे. कोळसा निम्म्यावर आलाय. वाऱ्यावरची, उन्हावरची वीज वाढलीय.”

“मग वीज पुरत नसेल लोकांना.”

“पुरते की. वापर उलट वाढलाय.”

“आणि मधेच हा खड्डा कसला?”

“त्या वर्षी तुमचं कोळशाचं वीजकेंद्र बंद झालं.”

“एवढा मोठा? सगळा आमचाच?”

“सगळा तुमचाच.”

“ऐकलंत का हो बाई? देशाच्या रेषेत आमचा खड्डा आहे!”

शिंपीणबाईंना डोळे उघडून हसावंच लागलं.

तेवढ्यात आतून गृहस्थांना हाक आली. बराच वेळ नळीत फुंकल्याचे आणि खोकल्याचे आवाज येत राहिले. गृहस्थ बाहेर आले ते हातात कागद धरूनच.

“ही बघ, माझ्या श्वासाची रेष. गेल्या वर्षीपेक्षा बरीच खाली आलीय म्हणे. हीपण घसरायलाच हवी का गं?”

लेक लॅपटॉप बाकावर टाकून डॉक्टरांच्या दाराकडे धावत सुटली.