भीतीची गाठ

मांडवीच्या दवाखान्यात अद्नान स्वतःच्या रिपोर्टची वाट पाहत, मान खाली घालून बसला होता. मागच्या बाकावर लांज्याकडचे एक वयस्क जोडपे ऑपरेशनचे संमतीपत्र मांडीवर घेऊन बसले होते. त्यांचे हलके बोलणे त्याच्या कानी पडत राहिले.

“मूत्रपिंडाच्या माथ्यावर गाठ आहे, तुळसा. भीतीचा रस ती बनवते, साठवते आणि वाटेल तेव्हा रक्तात सोडते.”

“कारण नसताना?”

“हां. मग छाती धडधडते, घाम फुटतो.”

“म्हणजे विहिरीच्या वाटेवर तुम्ही घाबरायचात, ते हिच्यामुळं?”

“नाय तर काय. विहिरीवरच्या राखणदार भुताला उगीच कोंबडे दिले.”

“खाल्ले तुम्हीच ना?”

“गाठ काढली की सुटलो. दे पेन.”

“अहो, थांबा. तिथं तुम्हाला कोण दिसायचं?”

“कोण नाय गो. नुसती भीती.”

“मला दिसायचा. विहिरीच्या कठड्यावर बसलेला, तुमच्याकडं बघत.”

“कधी बोलली नाहीस?”

“तुम्हालाही दिसतोय असंच धरून चालले होते. घाबरून मागं फिरायचात, म्हणून मी निर्धास्त असायचे.”

“मग आता सही का नको?”

“आता भीतीच वाटली नाय, तर तुम्ही मागं फिरणार कसे?”