जी शाळा धरलीच नाय, तिचा दाखला

...अहो, जी शाळा मी कधी धरलीच नाय, ती सोडू कशी? तुम्हीच सांगा! पण कचेरीतला साहेब, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, म्हणतो कसा, "बाबा, मुलीला जातीचा दाखला हवा ना? मग बापाचा शाळा सोडल्याचा दाखला आणा." आता आमची संगिता बारावी झाली, डी.एड.ला नंबर लागला, अख्ख्या पाड्यातली पहिली मास्तरीण व्हायची, आणि सोमवारी कागद द्यायची शेवटची तारीख! बापाच्या शाळेपायी पोरीची शाळा जायची की काय?

म्हटलं, साहेब, मी गुरं राखली, बैलाचं काय ते विचारा, सांगतो... पण शाळा? धरलीच नाय ती सोडू कशी? तर म्हणतो, "शोधून तर बघा!" बरं, बघतो. दुसरं करणार काय?

गेलो पाड्याच्या शाळेत. हेडमास्तरीण वसुमतीबाई, भली बाई, पत्र्याची पेटी उघडली. आत जुनी रजिस्टरं, कोपरे वाळवीनं खाल्लेले, आणि एक विंचू... तोही जुन्या पटावरचाच असावा. बाई बोट फिरवतायत, मी बसलोय, मधली सुट्टी झाली, पोरं घरी गेली, मी बसलोय... आणि बाई ओरडल्या, "अहो सुक्याबाबा, सापडलात! चौथी पास!"

कोण, मी? तुम्हाला सांगतो, त्या काळी तपासणी आली की गुरुजी झोपडीझोपडीतून पोरांची नावं उतरवून न्यायचे. पट भरायला नको? नाव शाळेत, मी रानात! दरवर्षी मला वरच्या वर्गात ढकलत गेले. बापाला पत्ता नाय, मला नाय, बैलांना तर नायच! जन्मतारीख? एक जून. सगळ्या पाड्याचीच एक जून! वर्तणूक? उत्तम. असणारच की! कधी कुणाला त्रास दिला मी? पण मी आपला बाईंना विचारतोच आहे, धरलीच नाय ती सोडली कशी? बाई म्हणाल्या, "बाबा, गप दाखला घ्या आणि निघा!"

शनिवारी दाखला घेऊन कचेरीत. साहेब खूश! "वा! आता अर्जावर पालकांचं घ्यायचं..." मी अंगठा पुढं केला. तर शाईचं पॅड मागं ओढून म्हणतो, "छे छे बाबा! चौथी पास माणसाचा अंगठा कसा चालेल? सही करा!"

काय करता? रविवारभर संगितानं हात धरून नाव गिरवून घेतलं, सोमवारी सही झाली, शिक्का बसला, पोरीचं काम झालं. पण तिला आता चटकच लागली हो! "बाबा, उद्यापासून पुस्तक घ्यायचं." सगळं जग पहिलीतून चौथीत जातं... मी तेवढा चौथी पास होऊन पहिलीत बसलोय.