ओहायोतली चुरस

हमरिया गावातल्या दवाखान्यात प्रेमा रक्त तपासून घ्यायला आली होती. शेजारच्या बाकावर बाबामियाँ मुकादम आणि परब हे दोन म्हातारे अमेरिकेच्या निवडणुकीत बुडाले होते.

“परब, तुमच्या पोराचं टेक्सास फिरेल का?”

“वीस वर्षं ऐकतोय, पुढच्या खेपेला फिरणार. अजून रिपब्लिकनच. तुमच्या उजमाच्या ओहायोत मात्र एके काळी खरी चुरस असायची.”

“मग परत होईल.”

“खलास झालं ते. टेक्सासची निदान आशा तरी आहे. ओहायो धरूच नका.”

“सरकार बदललं तर व्हिसाचं सोपं होईल हो. आत्ता उजमा आईला बघायला आली, तर तिला परत आत घेतील याचा भरवसा नाही.”

“निवडणुकीला अजून दोन वर्षं आहेत, बाबामियाँ.”

“डॉक्टर हवाबीला सहा महिने देतात.”

आतून उजमाची आई हवाबी भिंत धरत बाहेर आली. प्रेमाने पिशवी उचलून तिला जागा करून दिली.

“ओहायोचं काय बोलत होता?”

बाबामियाँ हातातली फाईल चाळत राहिले.

“या खेपेला तिथे भारी चुरस आहे, भाभी,” परब म्हणाले. “उजमा येतेच बघा.”